पेशंट कोण?

“साहेब, मॅडमना जरा बाहेर बसवता का?”

गाठ माझ्या डाव्या स्तनात. बायोप्सीची सुई गेली ती माझ्या अंगात, तीही पाच वेळा, दर वेळी स्टेपलर दाबल्यासारखा खट्ट आवाज करत. पावतीवर नाव माझं. आणि रिपोर्टचं पाकीट फोडल्यावर बाहेर जायचं तेही मीच. कमाल म्हणजे मी गेले. वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी वॉटर प्युरिफायरशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. दाराच्या काचेचा खालचा भाग दुधी, वरचा स्वच्छ. त्यातून आमच्या ह्यांचं डोकं तेवढं दिसत होतं. ते हळूहळू खाली गेलं आणि दुधी काचेआड दिसेनासं झालं. मला काय झालंय ते मला असं कळलं.

पुढचे पाच दिवस घरातली झाडून सगळी माणसं मला सांगत होती, “साधी गाठ आहे गं. काढून टाकली की झालं.”

मी पतसंस्थेच्या कर्ज विभागात सत्तावीस वर्षं काढली आहेत. कर्जदार खोटं बोलायला लागला की आधी त्याचा आवाज गोड होतो. त्या पाच दिवसांत आमच्या घरात सगळ्यांचेच आवाज गोड झाले होते. सासूबाईंनी मला न मागता चहा करून दिला. एकोणतीस वर्षांच्या संसारात हे यापूर्वी एकदाच घडलं होतं, माझे वडील गेले तेव्हा.

सहाव्या दिवशी फाईल सापडली. गोदरेजच्या कपाटावर, पैठणीच्या खोक्याखाली. जिनं एकोणतीस वर्षं हे घर आवरलं तिला घरातली लपवायची जागा सापडणार नाही, असं समजणाऱ्यांच्या हाती माझ्या उपचारांचे निर्णय होते. कॅन्सरपेक्षा मला त्याचीच धडकी भरली.

“तुला सहन झालं नसतं म्हणून नाही सांगितलं.” असं? सहा वर्षांपूर्वी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा मध्यरात्री संमतीपत्रावर सही माझी घेतली होती. माझ्या सहनशक्तीबद्दल तेव्हा कुणाला शंका आली नव्हती. आणि ह्यांना बाहेर बसवून “मिस्टरांच्या हृदयाचं काय करायचं, मॅडम?” असंही मला कुणी विचारलं नव्हतं. ह्यांचं हृदय ह्यांचं. माझा स्तन मात्र सामाईक सातबाऱ्यावर. दीर, नणंद, सासूबाई, ह्यांचे साडू, सगळ्यांची नावं लागलेली.

बाईपासून रोग लपवण्याला आपल्याकडे माया म्हणतात. मी त्याला सोय म्हणते. समोरची बाई रडली तर काय करायचं हे आपल्याला येत नाही, तेव्हा तिला न सांगितलेलंच बरं. जपतात ते स्वतःला, आणि पावती फाडतात आमच्या नाजूकपणाच्या नावानं.

या मायेची किंमत काय असते ते आता सांगते.

त्या फाईलमध्ये मला दोन कागद सापडले. एकावर लिहिलेलं: इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड तीन. दुसरा कागद आयएचसी नावाच्या तपासणीचा. गाठीच्या पेशींवर कोणकोणती कुलपं आहेत ते त्यात लिहिलेलं असतं, म्हणजे कोणती किल्ली चालेल ते ठरतं. ईआर आणि पीआर ही हार्मोनची कुलपं. ती असतील तर पुढे पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी घ्यायची, आणि ती फारशी महागही नसते. तिसरं कुलूप हर-टू. याचा निकाल शून्य किंवा एक प्लस आला तर ते नाही असं धरतात, तीन प्लस आला तर आहे. माझं आलं होतं दोन प्लस, आणि खाली इंग्रजीत एक ओळ: फिश तपासणी करावी. म्हणजे अजून निकाल लागलेला नाही, पुढच्या तारखेला या.

आणि आमच्या सर्जननी ऑपरेशनची तारीख गुरुवारची दिलेली होती. पूर्ण स्तन काढायचा. फिश केलेली नव्हती. घरच्यांना वाटलं, गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, चांगलंच आहे.

सत्तावीस वर्षांत मी एकही कर्जप्रकरण कागद अपुरा असताना मंजूर केलेलं नाही. सात-बाऱ्याचा उतारा जुना आहे म्हणून लोकांना चार-चार हेलपाटे घालायला लावलेत, त्यांचे शिव्याशाप घेतलेत. आणि इथे माझ्या शरीराचं प्रकरण अपुऱ्या कागदावर गुरुवारी निकाली निघणार होतं, कारण ज्याला कागद वाचता येतो त्याच माणसाला तो दाखवलेला नव्हता.

रात्री जेवणं झाल्यावर मी फाईल टेबलावर ठेवली. हे रडले. मी त्यांना रडू दिलं, कुणीतरी रडायला हवंच होतं. मग म्हटलं, गुरुवार रद्द.

हलकल्लोळ झाला. “कॅन्सर आहे, थांबून कसं चालेल?” तीन महिने रेंगाळलात तर नाहीच चालत, तो धोका खराच आहे. पण हाताला लागण्याइतकी गाठ होईपर्यंत तिच्यात कोट्यवधी पेशी झालेल्या असतात आणि त्यात बहुतेक वेळा काही वर्षं गेलेली असतात. तपासण्या पुऱ्या करायला आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला दोन-तीन आठवडे लागले तर आकाश कोसळत नाही. आकाश कोसळतं ते चुकीच्या क्रमाने उपचार सुरू केले की.

भाऊजी पुण्याहून आले होते. ते म्हणाले, “वहिनी, या वयात आता ठेवून तरी काय करायचंय? काढून टाका, कटकट मिटेल.” भाऊजी बावन्न वर्षांचे. त्यांच्या कुठल्या अवयवाचा या वयात काय उपयोग आहे, ही चर्चा मी आजवर चारचौघांत कधी काढलेली नाही.

“काढून टाका” हे शहाणपण शंभर-सव्वाशे वर्षं जुनं आहे. हाल्स्टेड नावाच्या अमेरिकन सर्जननं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, खालचे स्नायू, काखेतल्या गाठी सगळं खरवडून काढायची पद्धत रूढ केली, आणि पाऊण शतक फार थोड्यांनी हूं की चूं केलं. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी बायकांचे गट करून तपासलं. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये दोघांचेही निकाल छापून आले. लवकरच्या टप्प्यात नुसता गाठीचा भाग काढून नंतर रेडिएशन दिलेल्या बायका आणि अख्खा स्तन काढलेल्या बायका, दोघी सारख्याच जगल्या. काहींना स्तन काढणं लागतंच, काही जणी तेच पसंत करतात, त्यांना माझा नमस्कार. पण निवड आहे हे आधी सांगायला काय जीभ झिजते?

१९७४ मध्ये अमेरिकेत रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईला गाठ सापडली. तेव्हाची रीत अशी, की बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तपासायचा, कॅन्सर निघाला तर तिथल्या तिथे स्तन काढून मोकळं व्हायचं. शुद्धीवर आल्यावर हात फिरवून बघायचं, आहे की नाही. कुशनर म्हणाली, आधी मला जागी करा, मग ठरवू. एवढ्या अटीवर तिला सर्जन मिळेना. ती भांडली, पुस्तक लिहिलं, आणि १९७९ मध्ये सरकारी तज्ज्ञ समितीनं ती एका दमातली पद्धत बंद करावी असं सुचवलं. त्या समितीत ती स्वतः बसलेली होती.

फार लांबचं वाटत असेल तर आपलं घ्या. समीरा कोहली खटला. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय डॉक्टरनी काढलं, परवानगी घेतली ती बाहेर बसलेल्या तिच्या आईची. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलं, की सज्ञान बाईच्या शरीराची संमती ती स्वतःच देऊ शकते, तातडीचा जिवाचा प्रश्न नसेल तर आईची सही चालत नाही. आईची चालत नाही तिथे दिराची कुठून चालणार?

आता स्वतःबद्दल, कारण नुसती दुसऱ्यांची उणीदुणी काढायला मला लाज वाटते. गाठ मला जानेवारीत लागली होती, आंघोळ करताना. मी एप्रिलपर्यंत गप्प बसले. मार्चएंड होता. म्हणजे लपवण्याची सुरुवात मीच केली, घरच्यांनी फक्त री ओढली. आणि दुसरं याहून वाईट. सत्तावीस वर्षं माझ्या टेबलासमोर नवऱ्याबरोबर बायका जामीनदार म्हणून येत होत्या. मी पेन्सिलीनं फुली मारून द्यायचे, “ताई, इथे आणि इथे.” नवरा म्हणायचा, “कर सही.” किती जणींना मी कागद वाचून दाखवला? एकीलाही नाही. रांग असायची ना! डॉक्टरांच्या दाराबाहेरही रांगच होती.

दुसऱ्या मतासाठी मुंबईला जायचं ठरलं. त्यासाठी नुसता रिपोर्ट पुरत नाही. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्याच्या काचपट्ट्या असतात. दोन्ही मागून घ्यायच्या, तिथे त्या पुन्हा तपासतात आणि फिशही त्याच ब्लॉकवर होते. हे मला सांगितलं आमच्या वसुली विभागातल्या शिपायानं, त्याच्या बायकोचं दोन वर्षांपूर्वी झालं होतं. एवढे शिकलेले नातेवाईक, एकालाही ठाऊक नाही.

लॅबच्या खिडकीत पंचविशीचा मुलगा.

“ब्लॉक कुणासाठी हवाय?”

“माझ्यासाठी.”

“नाही, पेशंट कोण?”

“मीच.”

त्यानं मान तिरकी करून माझ्या मागे पाहिलं. “बरोबर कोण आलंय?”

“कुणी नाही.”

“मग सही कोण करणार?”

मी आधार कार्ड खिडकीवर ठेवलं आणि त्याच्याच हातातलं पेन घेतलं. पेशंटनं कागद मागितले तर बहात्तर तासांत द्यावेत असा भारतीय वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे हेही ऐकवलं. त्याला नियम ठाऊक नव्हता, माझा आवाज कळला. अगरबत्तीच्या पेटीएवढ्या डबीत काचपट्ट्या आणि करंगळीच्या पेराएवढा एक पांढरट ठोकळा. माझा एवढासा तुकडा. मी तो पर्समध्ये, भाजीच्या हिशेबाच्या वहीशेजारी ठेवला.

तोवर बातमी फुटली होती. वन्संचा फोन आला, मला नाही, ह्यांना. मी कशी आहे हे सगळे ह्यांनाच विचारतात. निरोप असा, की बाहेर कुणाला कळू देऊ नका, मुलीचं जमायचंय, आईला हे झालंय म्हटलं की स्थळं पाठ फिरवतात. मुलीलाही एवढ्यात सांगू नका, तिची परीक्षा.

या सल्ल्यापाशी मी जरा जास्त थांबणार आहे.

स्तनाच्या शंभर कॅन्सरांपैकी साधारण पाच ते दहाच वारशानं आलेले असतात. पण ते आहेत का हे ठरवायला डॉक्टर आधी घराण्याची माहिती विचारतात. कुणाला स्तनाचा झाला होता? कुणाला बीजाशयाचा? कितव्या वर्षी? मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी हेच विचारलं आणि मी गप्प. माझी थोरली मावशी १९८९ मध्ये गेली, वय एकेचाळीस. काय झालं होतं? “पोटात पाणी झालं होतं.” घरात एवढंच सांगतात. पोटात पाणी यकृतानं होतं, टीबीनं होतं, आणि बीजाशयाच्या कॅन्सरनंही होतं. बीआरसीए नावाच्या जनुकात बिघाड असेल तर स्तन आणि बीजाशय दोन्हींचा धोका वाढतो, तेव्हा माझ्या मावशीचं पोट माझ्या मुलीच्या कामाचं होतं. मामांना फोन केला. ते म्हणाले, “कशाला उकरून काढतेस जुनं? तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं.” कागद जाळलेले. कुणाचंतरी लग्न जमायचं असणार.

आता तपासणीसाठी माझं रक्त गेलंय. बिघाड निघाला, तर ज्या मुलीला सांगू नका म्हणून सांगितलं तिलाच सगळ्यात आधी कळायला हवं, कारण तिची तपासणी कोणत्या वयात सुरू करायची ते त्यावर ठरणार. स्थळ पाठ फिरवेल? फिरवू दे. तेवढ्यानं फिरणारी पाठ लग्नाआधी दिसली तर सत्यनारायण घालीन.

बाकी सल्ल्यांना एक परिच्छेद पुरे. गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळाचा पाला, गोमूत्र, काळी ब्रा घालू नका, सुई टोचली म्हणूनच पसरला. बायोप्सीनं कॅन्सर पसरत नाही. बायोप्सी न करता गल्लीतल्या सर्जननं “किरकोळ आहे” म्हणत गाठ कापून फेकली, तर मात्र पुढच्या डॉक्टरला काय होतं, केवढं होतं, काहीच कळत नाही, आणि अशा बायका मी मुंबईच्या बाकावर माझ्या डोळ्यांनी पाहिल्या.

आणि “पॉझिटिव्ह राहा.” ईआर पॉझिटिव्ह आहे. फिशचा निकाल आला, हर-टूही पॉझिटिव्ह. अजून किती होऊ? पॉझिटिव्ह राहिल्यानं बरं होतं असं सांगणाऱ्याला पुढचं वाक्यही म्हणता यायला हवं, की ज्या गेल्या त्या नीट पॉझिटिव्ह राहिल्या नाहीत. म्हणून दाखवा त्यांच्या मुलांसमोर.

आमच्या गावात ऑक्टोबरात गुलाबी टी-शर्ट घालून फेरी निघते. गुलाबी फुगे, गुलाबी सेल्फी पॉइंट, उद्घाटनाला नगरसेवक. फलकावर ‘स्तन’ हा शब्द नसतो, ‘महिलांचे आरोग्य’ असतं. त्या गुलाबी फितीचं मूळ ऐका. १९९० नंतर लगेच अमेरिकेत शार्लट हेली नावाची बाई घरी बसून पीच रंगाच्या फिती बनवायची आणि त्यासोबत सरकारला जाब विचारणारं कार्ड वाटायची, की कर्करोगाच्या बजेटमधला इतका थोडा पैसा प्रतिबंधावर का? एका मासिकानं आणि प्रसाधनांच्या कंपनीनं तिची फीत मागितली. ती म्हणाली, तुमचा धंदा होईल, नाही देणार. वकिलांनी तोड काढली, रंग बदला. १९९२ मध्ये फीत गुलाबी झाली आणि जाब विचारणारं कार्ड गळून पडलं.

फेरीवाल्यांनी शेजारी मुंबईत काय झालं ते तरी बघावं. टाटा रुग्णालयानं १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक बायकांवर अभ्यास केला. निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, काही नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत असा फरक दिसला नाही, तेही त्यांनी लपवलं नाही. फुग्यांच्या पैशात अशा दोन सेविका वर्षभर फिरल्या असत्या, पण त्यांच्याबरोबर नगरसेवकाचा फोटो कसा निघणार?

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी फाईल माझ्याकडून घेतली, ह्यांच्याकडून नाही. तीन सेंटिमीटरची गाठ, हर-टू पॉझिटिव्ह; म्हणाल्या, आधी केमो आणि त्यासोबत ट्रास्टुझुमॅब, म्हणजे हर-टूच्या कुलपाची किल्ली; ऑपरेशन त्यानंतर. औषधानं गाठ किती विरघळते हे ऑपरेशनमध्ये दिसतं आणि पुढचं औषध त्यावरून ठरतं. आधीच कापून टाकली असती तर हे कधी कळलंच नसतं. गाठीत एक बारीक धातूची खूण बसवली, कारण औषधानं गाठ नाहीशीच झाली तर सर्जननी कापायचं कुठे? हृदयाचा टू-डी इको काढला, हे औषध हृदयाला त्रास देऊ शकतं म्हणून तो दर तीन महिन्यांनी. म्हणजे आता आमच्या घरात दोन हृदयांच्या फायली.

पैशाचं थोडक्यात. ट्रास्टुझुमॅब वर्षभर दर तीन आठवड्यांनी. एकेकाळी ते ऐकूनच माणसं घरी परत जात. २०१४ पासून भारतीय कंपन्यांचं मिळू लागलं आणि भाव उतरले, तरी स्वस्त नाही. भाऊजींनी प्लॉट विकायचं काढलं होतं. मी म्हटलं, आधी आरोग्यमित्राच्या खिडकीवर जाऊ. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, कुठल्या रुग्णालयात बसतं, हे उपचार सुरू होण्याआधी विचारायचं, मंजुरी आधी लागते. शिधापत्रिका आणि आधारवरचं नाव जुळतंय का बघा. माझं जुळत नव्हतं. आधारवर सासरचं, शिधापत्रिकेवर मधलं नाव गायब. मंजूर होत नाही म्हणून ज्या कारणानं मी लोकांना परत पाठवत आले, नेमकं तेच. चार हेलपाटे घातले.

दुसरी केमो झाली. केस सतराव्या दिवशी उशीवर आले, आता डोक्याला सुती पंचा गुंडाळते. तोंडाला लोखंडाची चव. फाईलला मी अनुक्रमणिका केली आहे, पानांना आकडे घातलेत, शेवटी प्रश्नांची यादी. ती माझ्या पर्समध्ये असते.

काल संध्याकाळी ह्यांचा फोन वाजला. वन्सं. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता: “कशी आहे रे ती? खरं सांग.” हे क्षणभर थांबले. मग म्हणाले, “तिलाच विचार,” आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मागे त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

“जेवलीस का?” वन्सं म्हणाल्या.

“नाही,” मी म्हटलं. “तोंडात फोड आलेत. थांबा, सांगते सगळं, गॅस बारीक करून या.”